हायवाथा : नाव एकाचे, कथा दुसऱ्याची

१८५५ साली अमेरिकन कवी लाँगफेलो याने हायवाथावर दीर्घकाव्य रचले व ते नाव जगन्मुखी झाले. मात्र त्यातील कथा बहुतांशी ओजिब्वे लोकांच्या मनाबोझो या दैवी वीराच्या होत.

आजच्या न्यूयॉर्क राज्यातील इरोक्वाय लोकांचा हायवाथा निराळाच. परंपरा सांगते की, कन्यांच्या मृत्यूने विव्हल झालेल्या या पुरुषाने सूडाचा मार्ग न धरता, शिंपल्यांचे मणी ओवून सांत्वनाचा विधी घालून दिला. आणि एका शांतिदूतासमवेत मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा व सेनेका या परस्परवैरी पाच जमातींचा संघ उभारला. त्या ऐक्याचा मणिमय पट्टा १९८९ साली संग्रहालयातून ओनोंडागांकडे परतला. कवीने नाव गाजविले. कर्तृत्वाची स्मृती जपली ती त्याच्या लोकांनीच!