सेंट जेम्स : नव्या संचात, नव्या दमात

न्यूयॉर्कच्या 44 व्या रस्त्यावरच्या सेंट जेम्स थिएटरला आता शंभर वर्षं होत आली. अब्राहम एर्लँगर या नाट्यव्यावसायिकाने ते बांधलं. 1927 च्या सप्टेंबरात जॉर्ज एम. कोहॅनच्या 'द मेरी मेलोन्स'ने पडदा उघडला आणि पाच वर्षांनी एर्लँगरचं नाव पुसून सध्याचं नाव लागलं. सुमारे सतराशे खुर्च्यांचं नाट्यगृह. 1943 मध्ये 'ओक्लाहोमा!' इथेच आलं आणि 2,212 प्रयोग चाललं. इतिहासकार या वास्तूकडे वळतात ते बहुधा त्यासाठी. मला मात्र तिची दुसरी ओळख अधिक रंजक वाटते. विनोदी संगीत नाटकातला मुख्य नट गेला की त्याच्या जागी कोणाला उभं करायचं, या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं एकाच रंगमंचावर क्वचितच पाहायला मिळतील.

एका रात्रीची बदली ही तशी सोपी गोष्ट. 1954 मध्ये 'द पजामा गेम' चालू असताना कॅरल हेनीचा घोटा दुखावला आणि कोरसमधली शर्ली मॅक्लेन ऐन वेळी पुढे आली. प्रेक्षकांत बसलेल्या हॅल वॉलिस या चित्रपटनिर्मात्याने तिला करारबद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी ती हिचकॉकच्या चित्रपटात दिसली. ही कथा ब्रॉडवेवर इतक्यांदा सांगितली गेली आहे की विंगेत उभी असलेली प्रत्येक पोरगी त्याच आशेवर जगत असावी. पण अशा रात्री प्रेक्षक मनाने मोठा असतो. कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी घातलेली असते, दाराशी फलक लावलेला असतो, त्यामुळे त्याने आधीच चार गुण माफ केलेले असतात. जाहिरातीत नाव छापून, पूर्ण दराचं तिकीट लावून जो नट कायमचा येतो, त्याला ही माफी नाही.

'हॅलो, डॉली!' 16 जानेवारी 1964 ला इथे आलं. कॅरल चॅनिंगने डॉली अशी उभी केली की तिच्याशिवाय हे नाटक होणार नाही, असंच लोकांना वाटावं. ती गेल्यावर निर्माता डेव्हिड मेरिकने तिच्यासारखी नटी शोधण्याच्या भानगडीत न पडता तिच्यासारखी मुळीच नसलेली शोधली. 1965 मध्ये जिंजर रॉजर्स आली, मग मार्था रे, मग बेटी ग्रेबल. 1967 च्या नोव्हेंबरात तर त्याने सगळा संचच बदलला. पर्ल बेली आणि कॅब कॅलोवे यांच्यासह सर्व कृष्णवर्णीय कलाकार घेऊन तेच नाटक पुन्हा उभं केलं, समीक्षकांना पुन्हा बोलावलं, गाण्यांची ध्वनिमुद्रिकाही नव्याने काढली. बेलीला त्यासाठी खास टोनी पुरस्कार मिळाला. पुढे फिलिस डिलर आली. शेवटी 1970 मध्ये एथेल मर्मन आली. नाटकाचा गीतकार-संगीतकार जेरी हर्मन याने ही भूमिका मुळात मर्मनलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती आणि तिनेच ती सुरुवातीला नाकारली होती. तिच्यासाठी लिहून बाजूला पडलेली दोन गाणी आता नाटकात परत आली.

आपल्याकडे 'नव्या संचात, नव्या दमात' ही ओळ नाटकाच्या जाहिरातीत दिसली की जाणकार थोडा सावध होतो. जुना संच का गेला, हा पहिला प्रश्न. मेरिकने त्याच ओळीचं भांडवल केलं. अर्थात नाटकाची बांधणीही त्याच्या मदतीला होती. दुसऱ्या अंकात डॉली बऱ्याच वर्षांनी तिच्या आवडत्या रेस्टॉरंटमध्ये येते, जिना उतरते आणि खाली वेटरांचा ताफा गाणं म्हणत तिचं स्वागत करतो. वेटर डॉलीचं स्वागत करतात, प्रेक्षक जिंजर रॉजर्सचं किंवा पर्ल बेलीचं, आणि दोन्ही स्वागतं एकाच क्षणी होतात. नव्या नटीसाठी याहून सोयीची जागा कुठला नाटककार काढून देणार? 1970 मध्ये या नाटकाने 'माय फेअर लेडी'चा 2,717 प्रयोगांचा विक्रम मोडला. (ती 'लेडी' आणि पुलंची 'ती फुलराणी' या दोघींचं माहेर शॉचं 'पिग्मॅलियन'. भक्ती बर्वेनंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनी फुलराणी केली तेव्हा मराठी प्रेक्षकांनी किती तुलना केल्या, ते ज्यांनी ऐकलं त्यांना ठाऊक आहे.) 'डॉली'चा पडदा 2,844 प्रयोगांनंतर पडला.

यानंतरचं महत्त्वाचं उत्तर 1997 चं. 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' आदल्या वर्षी पुन्हा रंगमंचावर आलं होतं आणि स्यूडोलस या लबाड गुलामाच्या कामासाठी नेथन लेनला टोनी मिळाला होता. तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी वूपी गोल्डबर्ग आली. पुरुषाच्या भूमिकेत बाई म्हटल्यावर लेनशी तुलना करणाऱ्याची पंचाईतच झाली.

आणि मग 'द प्रोड्युसर्स'. मेल ब्रूक्सच्या जुन्या चित्रपटावरून केलेलं, सुझन स्ट्रोमनने बसवलेलं हे नाटक 19 एप्रिल 2001 ला सेंट जेम्समध्ये आलं. मॅक्स बियालीस्टॉक हा बुडीत निर्माता आणि लिओ ब्लूम हा भित्रा हिशेबनीस. हमखास पडेल असं नाटक काढून गुंतवणूकदारांचे पैसे लाटायचे, हा दोघांचा बेत. मॅक्स नेथन लेन, लिओ मॅथ्यू ब्रॉडरिक. नाटकाने 12 टोनी घेतले आणि याच रंगमंचावरच्या 'डॉली'चा 10 पुरस्कारांचा विक्रम मोडला. तिकिटांचा काळाबाजार इतका माजला की निर्मात्यांनी स्वतःच काही खुर्च्या 480 डॉलरला विकायला काढल्या.

माझ्या मते पुढच्या संकटाचं बी याच दरात होतं. तेवढे पैसे मोजणारा ब्रूक्सचं नाटक पाहायला येत नव्हता; तो लेन आणि ब्रॉडरिक ही जोडी पाहायला येत होता. मार्च 2002 मध्ये ती जोडी गेली. लिओसाठी स्टीव्हन वेबर आला, मॅक्ससाठी लंडनहून हेन्री गुडमन. गुडमन हा कच्चा गडी नव्हता. शायलॉकसाठी आणि संगीत नाटकातल्या कामासाठीही त्याने ऑलिव्हिए पुरस्कार मिळवले होते. तरी महिना पुरा व्हायच्या आत, समीक्षकांना बोलावण्याआधीच, त्याला नारळ मिळाला.

असं का झालं असावं, ते 'बिट्रेड' या गाण्यापाशी उमगतं. मॅक्स तुरुंगात एकटा आहे. चिडून तो आतापर्यंतचं सगळं नाटक काही मिनिटांत एकट्याने करून दाखवतो. सगळ्यांचे आवाज, सगळ्यांच्या नकला, धावपळ. मध्येच मध्यंतर जाहीर करतो आणि गप्प बसून राहतो. किती वेळ बसायचं? संहिता ते सांगत नाही. लेन ज्या बेताने बसायचा तो बेत त्याच्या अंगाचा होता. दुसऱ्याने तितकंच बसावं तर ती नक्कल, कमी-जास्त बसावं तर हशा हुकतो. त्यात बदली नटाला ब्रॉडवेवर तालीम मिळते ती बहुतेक स्टेज मॅनेजर आणि डान्स कॅप्टन यांच्याबरोबर, रिकाम्या हॉलमध्ये. पूर्ण संच आणि वाद्यवृंद यांच्यासह तालीम बहुधा एकच. तीत नवा माणूस पुऱ्या वेशभूषेत असतो आणि बाकीचे घरच्या कपड्यांत. ज्या विनोदाला समोरून हशा यायला हवा, तो अशा तालमीत जोखायचा तरी कशावर?

गुडमननंतर मॅक्स झाला ब्रॅड ऑस्कर. शिकागोतल्या सुरुवातीच्या प्रयोगांच्या वेळी नाटकातल्या फ्रान्झ लीबकिंडची भूमिका करणाऱ्या नटाचा गुडघा दुखावला, तेव्हा ते काम ऑस्करकडे आलं होतं आणि त्यात त्याला टोनीचं नामांकनही मिळालं. लेन आजारी पडला की मॅक्सही तोच करायचा. म्हणजे घरातलाच माणूस. कुठे हशा येतो आणि किती थांबायचं, ते त्याने विंगेतून रोज पाहिलेलं. नाटक सावरलं, पण तिकीटबारीवरची पहिली झुंबड परतली नाही. ती 2003 च्या अखेरीस लेन आणि ब्रॉडरिक स्वतः काही महिन्यांसाठी परत आले तेव्हाच परतली. 2004 मध्ये लंडनमध्येही तेच. रिचर्ड ड्रायफस प्रयोग सुरू व्हायच्या काही दिवस आधी बाहेर पडला, लेनला विमानाने बोलावलं गेलं, आणि लेननंतर तिथे कोण गेला? पुन्हा ऑस्करच.

मेरिकने 'डॉली' हे नाटक विकलं आणि नट्या त्याची निमित्तं ठरल्या. 'प्रोड्युसर्स'वाल्यांनी दोन माणसं विकली आणि त्यानंतर येणारा प्रत्येक जण उसना ठरला. गुडमनपेक्षा या हिशेबाचा दोष मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाटक 22 एप्रिल 2007 ला 2,502 प्रयोगांवर थांबलं.

2015 मध्ये सेंट जेम्समध्ये 'समथिंग रॉटन!' आलं. त्यात ब्रॅड ऑस्करने भविष्य सांगणाऱ्या नॉस्ट्राडेमसचं काम केलं. ते पहिल्या प्रयोगापासून त्याचंच होतं, आणि त्यासाठी त्याला पुन्हा टोनीचं नामांकन मिळालं.