नकाशात घुसलेलं ऊन

आज पाटोद्यातून बोलतोय, आणि गोष्ट आहे उन्हाची.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी बसवायचे, ते आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आता ऊसतोडीच्या गाड्यांनाही रबरी टायर आलेत, त्यामुळे तुमच्यातल्या पुष्कळांनी ते पाहिलेलं नसणार. धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवली की ती फुगते. मग सांडशीनं उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र! लोखंड आकसतं आणि तुंबा, आरे, सगळं घट्ट आवळून धरतं.

लोहाराच्या कामी येणारा लोखंडाचा हाच गुण नकाशावाल्यांना मात्र नडला.

पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढे बिदरकडे जाते. त्या बिदरच्या मुलखात 1815 साली विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी जमीन मोजत होता. काम 1802 साली मद्रासला सुरू झालेलं. पद्धत अशी, की एकच सरळ रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि पुढचं सगळं कोन घेऊन त्रिकोणांच्या हिशेबानं काढायचं. म्हणजे सगळा भार त्या एका रेषेवर.

मद्रासची रेषा मोजली शंभर फुटी पोलादी साखळीनं. जरा हिशेब करू. एवढी साखळी 10 अंश सेल्सियसनं तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटर वाढते. एवढंसंच ना? पण बारा किलोमीटरच्या रेषेवर तेच जवळपास 1.4 मीटर होतात. आणि त्याच प्रमाणात सातशे किलोमीटरवरचं गाव नकाशात 80 मीटर सरकतं! आपल्याकडे उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांत 10 अंशांचा फरक म्हणजे काहीच नाही.

म्हणून लॅम्बटननं साखळी लाकडी पेट्यांत ठेवली, वर सावली धरली, पेट्यांत थर्मामीटर ठेवले. लांबी लिहायची तर तापमानही लिहायचं. गंमत बघा, थर्मामीटर तरी काय करतो? काचेपेक्षा पारा जास्त फुगतो, बस्स. पोलादाचं फुगणं ओळखायला पाऱ्याचं फुगणं! पण थर्मामीटर सांगतो स्वतःचं तापमान. शेजारची साखळी तेवढीच तापलीय, हे आपण धरून चालायचं. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे.

लॅम्बटन 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. हो, शिखराला नाव आहे तोच. 1830 साली इंग्लंडहून परतताना त्यानं कोल्बी या अधिकाऱ्यानं तयार केलेल्या पट्ट्या आणल्या. एक पट्टी लोखंडाची, एक पितळेची, शेजारी शेजारी, फक्त मध्यावर जोडलेल्या. दोन्ही टोकांना एकेक आडवी जीभ, दोन्ही पट्ट्यांना खिळलेली आणि लोखंडाच्या बाजूनं बाहेर निघालेली. तिच्या टोकावर एक ठिपका. ऊन वाढलं की पितळ जास्त लांबतं, लोखंड कमी. त्यामुळे जीभ तिरकी होते, आणि ठिपका जिथल्या तिथं राहतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर कायम दहा फूट. उन्हाचा हिशेब धातूंनीच आपापसात मिटवायचा!

अर्थात दोन धातू एकाच वेगानं तापत नाहीत, म्हणून तंबूची सावली इथेही सुटली नाही. पट्ट्या एकमेकींना टेकवायच्याही नाहीत. मधली सहा इंचांची फट सूक्ष्मदर्शकं लावून धरायची. वैतागवाणं काम!

1841 साली बिदरला या पट्ट्यांनी रेषा मोजली गेली. जवळजवळ आठ मैलांची. मध्य भारतातल्या सिरोंजपासून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत आणून तिची लांबी हिशेबानंही काढली होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर फरक अर्धा फूटसुद्धा नव्हता.