गरुडध्वज आणि कपिध्वज

घोडेगावची घोडेश्वरी आपल्या नेवासे तालुक्याची. याच तालुक्यात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, माउलींनी गीतेवर मराठीत निरूपण केले. त्या गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला ‘कपिध्वज’ म्हटले आहे. त्याच्या रथाच्या ध्वजावर मारुतीराय बसले होते. देवाचा स्वतःचा ध्वज मात्र गरुडाचा. एक वानर, एक पक्षिराज. दोघेही देवाचे दास, पण दोघांचा इतिहास वेगळा.

गरुडाने अमृत आणले ते आई विनतेची दास्यातून सुटका व्हावी म्हणून. हातात अमृतकुंभ असून त्याने एक थेंबही चाखला नाही. या निर्लोभपणावर विष्णू प्रसन्न झाले, असे आदिपर्व सांगते. त्यांनी त्याला वाहन केले आणि ध्वजावर जागा दिली. पुढे हा ध्वज राजांनी उचलला. विदिशेजवळ हेलिओडोरस नावाच्या यवन राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला. देवगिरीच्या यादवांचे निशाणही सुवर्णगरुडाचे. माउलींनी ग्रंथाच्या शेवटी ज्या रामचंद्र यादवाचा उल्लेख केला, त्याच्या राज्यावर हेच निशाण फडकत होते.

मारुतीराय राजवाड्यापेक्षा वेशीवर रमले. गाव तिथे मारुती. नवरदेव मांडवात जाण्याआधी त्याच्याच पाया पडतो. सतराव्या शतकात समर्थांनी अकरा मारुती स्थापले, तेही गावोगावच्या माणसांना बळ यावे म्हणून. गरुडाला पंख जन्मतःच मिळाले. मारुतीने समुद्र ओलांडला तो रामनामाच्या आधाराने.

म्हणून कोण मोठा, हे ठरवावे का? रामायणच पाहा. नागपाशात पडलेल्या राम-लक्ष्मणांना गरुडाने सोडवले, तर लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मारुतीने औषधीचा पर्वत आणला. एकाचे काम दुसऱ्याने केले नाही आणि कोणी मागितलेही नाही.

आता कुरुक्षेत्रावरचा तो रथ पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ज्याचा ध्वज गरुडाचा, तो परमात्मा त्या दिवशी वानराच्या ध्वजाखाली घोड्यांचे लगाम धरून बसला. आपले निशाण वर असावे असा आग्रह देवाने धरला नाही. आपण मात्र दिंडीत कोणाची पताका पुढे, वीणा कोणाच्या गळ्यात, यावरून मने मोडून घेतो. वर्षभर एकत्र भजन करणारी माणसे एका मानासाठी वेगळी चूल मांडतात.

पंढरीत महाद्वारातून आत गेले की गरुड आणि मारुती दोघांचेही दर्शन घडते. नामदेवरायांच्या आरतीतही दोघे देवापुढे उभे आहेत. त्यांच्यात मागचा-पुढचा नाही. दोघांचीही दृष्टी विटेवरच्या चरणांकडे आहे. शेजारी कोण उभा आहे, हे पाहायला त्यांना सवडच नाही. माउली, आपल्यालाही ती सवड न मिळो.

राम कृष्ण हरि.