वेड, कायदा आणि लोकापवाद

घरांत कोणाला विषमज्वर झाला तर शेजारी दारांत येऊन चौकशी करतात; कोणाचें मन बिघडलें तर तेच शेजारी आपल्या दारामागें उभे राहून कुजबुजतात. घरचीं माणसेंही पहिल्या आजारांत मदत मागतात व दुसऱ्यांत पडदा ओढून घेतात. मग मुलगा परगांवीं नोकरीला असतो, सून माहेरीं असते, काकांची प्रकृति जरा नरम असते. आणि या सभ्य असत्यांच्या आड रोग वाढत जातो. मनोविकाराला चिकटलेला हा कलंक कोठून आला, असा प्रश्न केला म्हणजे 'अज्ञानांतून' हें उत्तर ठरलेलें असतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. अज्ञान एके काळीं सर्वच रोगांविषयीं होतें. मनोविकाराच्या बाबतींत त्या अज्ञानावर कायद्याचा शिक्का बसला व तो सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकला, ही गोष्ट आपण फारशी ध्यानांत घेत नाहीं. प्रस्तुत लेखांत तिचाच थोडा विचार करावयाचा आहे.

इस्पितळें निघण्यापूर्वीं, आणि कित्येक घरांत तीं निघाल्यावरही, अशा माणसाला देवस्थानीं नेण्याचा परिपाठ होता. बाधा उतरण्याचें ठिकाण म्हणून गाणगापूरच्या दत्तस्थानाची ख्याति महाराष्ट्रभर आहे. पिशाचबाधेच्या कल्पनेंत औषध नव्हतें हें खरें. पण तिच्यांत एक सोय होती. दोष रोग्याच्या अंगचा न ठरतां बाहेरून आलेल्या बाधेचा ठरे, व म्हणून कुटुंबाला त्या माणसासह चार लोकांत उघडपणें वावरतां येई. या सोयीचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. त्याच कल्पनेपोटीं रोग्याला मार, उपास व साखळदंडही सोसावे लागत. परंतु लोकापवादाचा इतिहास पाहावयाचा तर, देवळाची पायरी चढतांना न वाटणारी लाज इस्पितळाची पायरी चढतांना कां वाटूं लागली, याचा उलगडा केला पाहिजे.

त्या उलगड्याचा एक मोठा भाग १८५८ सालच्या कायद्यांत सांपडतो. कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें, त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें वेडेपणासंबंधीं तीन कायदे केले. त्यांपैकीं दोन मुख्यतः वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणारे होते. तिसरा, म्हणजे त्या सालचा छत्तिसावा, वेड्यांच्या इस्पितळांविषयीं होता. मोकाट फिरणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा आढळल्यास त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढें नेणें हें त्या कायद्यानें पोलिसांचें कर्तव्य ठरलें. मॅजिस्ट्रेटनें डॉक्टरकडून तपासणी करवावी, आणि खात्री पटल्यास हुकूम काढून त्याची इस्पितळांत रवानगी करावी. पोलीस, न्यायासन, हुकूमनामा आणि शेवटीं उंच भिंत: चोराला जी वाट चालावी लागते तीच वाट या रोग्यालाही चालावी लागली. फरक एवढाच कीं, चोराच्या शिक्षेला मुदत असते. गांवकऱ्यांनीं ही वाट डोळ्यांनीं पाहिली, व तिच्यावरून, हा मनुष्य आपल्यांतून गेला, असा निष्कर्ष काढला. त्यांना केवळ अडाणी म्हणून मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं.

पुढें १९१२ सालीं चौथा कायदा होऊन जुन्याची जागा त्यानें घेतली. 'ल्यूनॅटिक' हा शब्द त्यांतही कायम होता. आपण होऊन उपचार घेऊं इच्छिणारास दाखल होण्याची सोय त्यांत केलेली होती. परंतु त्यासाठीं इस्पितळावर नेमलेल्या दोन पाहणीदारांची संमति लागे. ताप आलेला मनुष्य जसा सरळ दवाखान्यांत जातो, तसें मन आजारी पडलेल्या माणसाला जातां येत नव्हतें. स्वातंत्र्य आलें, राज्यघटना आली, तरी हा कायदा चालूच राहिला. त्याच्या जागीं १९८७ सालीं नवा कायदा मंजूर झाला, आणि तोही अमलांत येण्यास १९९३ साल उजाडलें.

मध्यंतरीं नांवें बदलून पाहण्याचा प्रयोग झाला. १९२० च्या सुमारास 'असायलम' ही पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी लागली. मराठींत कालांतरानें वेड्यांच्या इस्पितळाचें मनोरुग्णालय झालें. हेतु चांगलाच होता. पण ठाण्यास १९०१ पासून असलेल्या इस्पितळाची पाटी बदलली, तरी मुंबईच्या चाळींतील 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा बदलली नाहीं. उत्तरेंत तोच मान आग्रा व रांची या शहरांना मिळाला. आंतील व्यवहार तोच राहिला, म्हणजे जुना डाग नव्या नांवालाही लागतो, एवढेंच या प्रयोगांतून सिद्ध झालें.

आंतील व्यवहार कसा होता, हें १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालावरून समजतें. चाळीस कोटि लोकसंख्येच्या देशांत मनोरुग्णांसाठीं सुमारें १०,००० खाटा होत्या, म्हणजे ४०,००० माणसांमागें एक. इंग्लंडांत हेंच प्रमाण सुमारें ३०० माणसांमागें एक असें होतें. समितीसाठीं इस्पितळांची पाहणी करणारे कर्नल मूर टेलर यांनीं, बहुतेक इमारती रोग्यांना सुरक्षित कोंडून ठेवण्याच्या दृष्टीनेंच बांधल्या आहेत व बरें करण्याचा विचार त्यांत दिसत नाहीं, असा अभिप्राय दिला. जेथून माणूस बरा होऊन परत येतांना कोणीं पाहिला नाहीं, त्या जागेविषयीं लोकांनीं विश्वास तरी कशाच्या बळावर बाळगावा?

या भिंतीला पहिलें मोठें खिंडार पडलें तें अमृतसरला. १९५० नंतरच्या दशकांत तेथील मानसिक इस्पितळाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांच्यापुढें रोग्यांची गर्दी मोठी व हाताखालचीं माणसें थोडीं अशी अडचण होती. त्यांनीं इस्पितळाच्या आवारांत तंबू उभारले आणि नातेवाइकांना रोग्याबरोबर तेथेंच राहावयास लावलें. ते त्या कुटुंबांना एकत्र बसवून, रोग कशानें होतो, रोग्याशीं कसें बोलावें, घरीं गेल्यावर काय जपावें, हें त्यांच्या भाषेंत समजावून सांगत. आई आपल्या मुलाला भरवीत होती. शेजारच्या तंबूंतला मनुष्य काल ओरडत होता व आज शांत बसला आहे, हें ती स्वतः पाहत होती. हें दृश्य पाहिलेली आई गांवीं परतल्यावर रोग्याला टाकून देत नाहीं, आणि शेजाऱ्यांशीं खोटेंही बोलत नाहीं. वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्रांतही १९५७ पासून घरचें माणूस जवळ ठेवून उपचार करण्याची पद्धत रूढ झाली. कोणताही नवा शब्द न घडवितां, केवळ दार उघडें ठेवून, या मंडळींनीं लोकापवादाची धार कमी केली.

परंतु लाजेचें खरें माहेरघर इस्पितळाइतकेंच विवाहाच्या बोलणींत आहे. घरांत एक मनोरुग्ण आहे असें कळलें, कीं धाकट्या भावंडांची लग्नें अडतात. म्हणून थोरल्याला माडीवर ठेवावयाचें. येथेंही कायदा मागें नव्हता. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत वधूवरांच्या पात्रतेच्या अटींत 'ल्यूनॅटिक' हाच शब्द होता. १९७६ सालीं शब्दरचना सुधारली, पण ती सुधारतांना वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्मारही बसविला गेला. औषधानें बहुधा आटोक्यांत राहणारा हा मेंदूचा विकार. तो त्या पंक्तींतून उठण्यास १९९९ सालची दुरुस्ती यावी लागली. तेवीस वर्षेंपर्यंत फेफरें येणाऱ्या मुलीचे आईबाप कायद्यानेंच भयभीत केलेले होते. सांगावें तर नकार, न सांगावें तर फसवणुकीचा ठपका, अशा कात्रींत सांपडलेल्या आईबापांनीं आजार लपविला, तर तो त्यांचा भित्रेपणा म्हणून सोडून देतां येईल काय?

ही कात्री किती खोल कापते, याचे दोन पुरावे अलीकडच्या काळांतले आहेत. गुन्हा नसतांना केवळ मनोरुग्ण म्हणून माणसांना तुरुंगांत ठेवणें बेकायदेशीर आहे, असें सर्वोच्च न्यायालयाला १९९३ सालीं स्पष्ट सांगावें लागलें; म्हणजे तोंवर तसें ठेवलें जात होतें. दुसरा पुरावा तमिळनाडूंतील एरवाडीचा. तेथील दर्ग्याच्या आसऱ्यानें चालणाऱ्या एका खासगी निवासांत ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे आग लागली, आणि साखळीनें बांधलेलीं २८ माणसें जळून मेलीं. त्यांच्या घरच्यांनीं त्यांना श्रद्धेनें तेथें नेलें असेल. परंतु तेथेंच ठेवण्यांत लाजेचाही भाग होता, हें नाकारतां येणार नाहीं.

या पार्श्वभूमीवर २०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा वाचला म्हणजे त्यांतील दोन लहान वाक्यांचें मोल कळतें. पूर्वीं केव्हां उपचार घेतले किंवा इस्पितळांत राहिलें, एवढ्यावरून कोणालाही आज मनोरुग्ण ठरवितां येणार नाहीं, असें एक सांगतें. मनोविकार आहे एवढ्यावरून, सक्षम न्यायालयानें तसें ठरविल्यावांचून, मनुष्य विकल मनाचा मानला जाणार नाहीं, असें दुसरें सांगतें. 'एकदां वेडा तो कायमचा वेडा' ही म्हणीसारखी रूढ झालेली समजूत प्रथमच कायद्यानें खोडली. रोग्याला साखळीनें बांधण्यास त्याच कायद्यानें मनाई केली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरण्यास सांगितलें. १८६० पासून अशा माणसाला गुन्हेगार ठरविणारें दंडसंहितेचें ३०९ वें कलम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत राहिलें नाहीं.

कायद्यानें घातलेली गांठ कायद्यानें सोडविली. समाजाच्या मनांतली अजून तशीच आहे. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय पाहणींत निरनिराळ्या मनोविकारांचे शेंकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारांवांचून राहिलेले आढळले. डॉक्टरांची उणीव हें त्याचें एक कारण आहेच. पण जेथें डॉक्टर आहे तेथेंही त्याच्या दारांत जातांना ओळखीचें कोणी पाहील अशी धास्ती असते, हें दुसरें. या धास्तीवर उतारा म्हणून पुण्यांत १९९७ पासून छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचे नातेवाईक एकत्र येऊन काम करीत आहेत. २००४ च्या 'देवराई' या मराठी चित्रपटानें तसाच एक भाऊ व त्याची बहीण हजारों प्रेक्षकांसमोर आणून बसविलीं. अमृतसरच्या तंबूंचाच हा वारसा आहे. ज्या घरीं असा आजार आहे, त्या घरानें तो सांगण्याचें धैर्य दाखवावें, हा उपदेश सोपा आहे. त्या घराची मुलगी मागण्यास आपण आपल्या मुलासह जाऊं काय, या प्रश्नाचें उत्तर उरलेल्या घरांनीं द्यावयाचें आहे. आणि तें मिळेपर्यंत माडीवरची खोली रिकामी होणार नाहीं.