तहाने बांधलेली जकात आणि सौर पॅनेलांचा देशी उद्योग

सोलापूर-हैदराबाद मार्गावरील जळकोट हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होते. सोलापूरकडून येणाऱ्या मालास तो परमुलूख होता. 1802 च्या व्यापारी तहाने कंपनी सरकार व निजाम यांच्यामधील मालावर दर शेकडा 5 जकात ठरली. तिने खजिन्यात भर पडे. परंतु कारखानदारीस आडोसा मिळावा एवढी ती नव्हती, आणि ती वाढविणे एकट्या निजामाच्या हाती राहिले नव्हते. जकातीचा दर किती यापेक्षा तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते. सौर पॅनेलांच्या देशी उद्योगाचा अलीकडील इतिहास याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

1997 साली भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला व 2005 पर्यंत सौरघटांवरील आयात-जकात शून्यावर आली. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा सरकारने जकातीऐवजी देशी मालाच्या सक्तीचा मार्ग धरला. मात्र ही अट स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलांपुरतीच होती. पातळ पटलाची पॅनेले तीतून सुटली. प्रकल्पचालक साहजिकच तिकडे वळले, आणि अमेरिकेच्या निर्यात बँकेची कर्जे त्यांच्या साह्यास होती. अमेरिकेचा माल ज्या अटीतून असा निसटला, तिच्याविरुद्ध 2013 मध्ये तक्रार केली तीही अमेरिकेनेच! 2016 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा निकाल भारताविरुद्ध गेला.

2018 ची 25 टक्क्यांची सुरक्षा जकात दोनच वर्षांची व उतरत्या दराची होती. तेवढ्या भरवशावर कारखाना कोण उभारणार? 1 एप्रिल 2022 पासून मात्र पॅनेलांवर 40 व घटांवर 25 टक्के मूळ जकात बसली. या दोन दरांतील अंतरामुळे घट बाहेरून आणून येथे नुसती जुळणी करणे किफायतीचे ठरले. मान्यताप्राप्त उत्पादकांच्या सरकारी सूचीनेही पॅनेलांनाच आधार दिला. ऑगस्ट 2025 मध्ये सूचीतील पॅनेल-क्षमता 100 गिगावॉट झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये घटांची क्षमता सुमारे 25 गिगावॉट, आणि सिलिकॉनच्या चकत्यांची अवघी 2 गिगावॉट होती.

धाराशिव जिल्हा या व्यवहारात गिऱ्हाइकाच्या बाजूस आहे. पंतप्रधान कुसुम योजनेतील सौर कृषिपंपास देशी घटांचेच पॅनेल लागते. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. महाग पॅनेलाचा उरलेला भार अनुदानरूपाने सरकारी खजिन्यावर पडतो. घटांसाठीची स्वतंत्र सूची 1 जून 2026 पासून लागू करण्याचे सरकारने डिसेंबर 2024 मध्ये ठरविले.