माळरानावरचा तुरेवाला चंडोल: एक पक्षी की तीन?

अहिल्यानगरजवळच्या केडगावसारख्या भागातील कोरडे माळ हे एका छोट्या पक्ष्याचे हक्काचे घर. आकार चिमणीएवढा, रंग मातकट आणि डोक्यावर टोकदार तुरा. अनेकजण त्याला चिमणीच समजतात, पण हा आहे चंडोल.

प्रजाती कोणती?
तुरेवाल्या चंडोलांची प्रजाती म्हणजे ‘गॅलेरिडा’. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश बोये यांनी 1828 मध्ये ती मांडली. त्याआधी लिनियसने 1758 मध्ये तुरेवाल्या चंडोलाला ‘अलाउडा’ या प्रजातीत ठेवले होते. भारतात गॅलेरिडाच्या तीन जाती आढळतात.

तिघांना ओळखायचे कसे?
• तुरेवाला चंडोल: सर्वांत मोठा, सुमारे 18 सेंमी. रंग फिकट, वाळूसारखा. उत्तर आणि वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशात आढळतो.
• मलबारी चंडोल: छातीवर ठळक काळसर रेघा. पश्चिम घाट आणि किनारपट्टीकडील दमट भागात आढळतो.
• साइक्सचा चंडोल: सर्वांत लहान, सुमारे 14 सेंमी. पोट तांबूस, छातीवर रेघा मोजक्याच. दख्खनच्या कोरड्या माळावर राहणारा हाच. तो फक्त भारतात आढळतो.

शेवटच्या जातीचे वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत केले. शास्त्रीय नाव ‘गॅलेरिडा देवा’.

गोंधळ का होतो?
चंडोलांचा रंग मातीशी जुळणारा असतो. त्यामुळे दूरच्या नात्यातील जातीही सारख्या दिसू शकतात. मलबारी चंडोल आणि भूमध्य सागराकडील थेक्ला चंडोल यांना पूर्वी काहीजण एकच जात मानत. 2013 मध्ये चंडोल कुळाचा मोठा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ रंगरूपावरून ठरवलेली नाती फसवी असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

याचा आपल्याशी काय संबंध?
साइक्सचा चंडोल आज धोक्यातील जातींच्या यादीत नाही. पण तो जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटे करतो. सरकारी नोंदींत असे माळ अनेकदा ‘पडीक जमीन’ ठरतात. मग तिथे झाडे लावली जातात, प्लॉट पडतात किंवा जमीन नांगरली जाते. अगदी चांगल्या हेतूने लावलेली दाट झाडीही या पक्ष्याचे घर हिरावून घेते. पक्ष्याचे वर्गीकरण जसे नीट करावे लागते, तसेच जमिनीचेही. माळ ओसाड नसतो. तो गवताळ अधिवास असतो.