फलन, संगणकीय
फलन, संगणकीय : दिलेल्या मूल्यांवर ठराविक कृती करून निष्पन्न मूल्य परत देणारा, स्वतंत्र नाव असलेला संगणकीय कार्यक्रमाचा भाग. संगणकाला द्यावयाच्या आदेशांच्या क्रमबद्ध मालिकेस कार्यक्रम म्हणतात. त्यातील एखादी कृती एकदाच लिहून ती हवी तेव्हा नावाने वापरता येणे, हे फलनाचे वैशिष्ट्य होय.

बार्शीटाकळी (जि. अकोला) व वऱ्हाडातील अन्य कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत विक्रीचा हिशेब नेहमीचा आहे. किलोग्रॅममधील वजनास १०० ने भागून क्विंटल काढावयाचे आणि त्यांस क्विंटलच्या भावाने गुणावयाचे, ही त्याची कृती. वजन ७५० किग्रॅ. व भाव ७,००० रु. असल्यास ५२,५०० रु. येतात. शेतकरी बदलला, तरी बदलतात ती केवळ मूल्ये. ती ज्या नावांनी साठवितात त्यांस चल म्हणतात.

ही कल्पना संगणकांच्या आरंभकाळातच रूढ झाली. केंब्रिज येथील एडसॅक या संगणकासाठी (१९४९) तयार केलेल्या उपकार्यक्रमांच्या संग्रहाचे विवेचन विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या ग्रंथात (१९५१) आढळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्यास टिफरॅक हे नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत आणि आदेश यंत्रभाषेत लिहावे लागत. एवढ्या अल्प स्मृतीत तेच आदेश पुन:पुन्हा लिहिणे परवडणारे नव्हते. जॉन बॅकस व सहकाऱ्यांच्या फोर्ट्रान भाषेमुळे (१९५७) कार्यक्रम गणितातील सूत्रांशी मिळत्याजुळत्या रूपात लिहिता येऊ लागले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९५८) लेखकाला स्वत:ची फलने स्वतंत्रपणे रचण्याची सोय झाली. याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर फोर्ट्रान उपलब्ध होती.

प्रारंभिक अभ्यासासाठी पुढील फलने सोयीची आहेत : (१) फॅरेनहाइट तापमानातून ३२ वजा करून, ५ ने गुणून व ९ ने भागून सेल्सिअस तापमान काढणे, ११३ दिल्यास ४५ यावे. (२) दोन संख्यांतील मोठी संख्या देणारे फलन रचून तेच दोनदा वापरून तीन संख्यांतील सर्वांत मोठी काढणे. (३) क्रमगुणित काढणे. ५ दिल्यास १२० यावे. तिसऱ्या उदाहरणात फलन स्वत:लाच वापरू शकते. मात्र कोठे थांबावयाचे, ते आधी सांगावे लागते.

फलनातील दोष एकाच ठिकाणी सुधारता येतो. पण तो सुधारला नाही, तर ते वापरणारा प्रत्येक हिशेब चुकतो. वरील कापसाच्या फलनास किलोग्रॅमऐवजी ७.५ क्विंटल हा आकडा दिल्यास ५२,५०० ऐवजी ५२५ रु. येतील आणि संगणक त्यास हरकत घेणार नाही. म्हणून फलनाबरोबरच त्याची एकके स्पष्ट नोंदविणे व हाताने काढलेल्या उत्तरांशी ते पडताळणे आवश्यक असते.